अपराध, हेतू आणि बचाव : विनयपिटकाच्या प्रकाशात फौजदारी कायद्याची मूलतत्त्वे

‘अमक्यावर गुन्हा दाखल झाला’ हे वाक्य आपल्याकडे ज्या स्वरात उच्चारले जाते, त्यावरून ऐकणाऱ्याची समजूत अशी होते की, अमक्याने गुन्हा केला हे आता ठरून गेले. वस्तुतः गुन्हा दाखल होणे, दोषारोपपत्र सादर होणे, दोष सिद्ध होणे आणि शिक्षा होणे या चार भिन्न गोष्टी होत. पहिलीपासून तिसरीपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर कायद्याने काही प्रश्न ठरवून ठेवले आहेत. त्या प्रश्नांची उत्तरे एका विशिष्ट क्रमाने मिळाल्याखेरीज कोणालाही अपराधी म्हणता येत नाही. हे प्रश्न कोणते, याची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१ जुलै २०२४ पासून १८६० ची भारतीय दंड संहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा अधिनियम यांच्या जागी अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे अंमलात आले आहेत. त्या तारखेपूर्वी घडलेल्या कृत्यांना जुनी दंड संहिताच लागू आहे. कलमांचे क्रमांक बदलले, काही नवे अपराध आले. पण अपराध म्हणजे काय आणि बचाव म्हणजे काय, याविषयीची मूलतत्त्वे बहुतांशी तीच राहिली आहेत.

पालि भाषेच्या अभ्यासकाने या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर विनयपिटकात आहे. विनय हा राज्याचा कायदा नव्हे. ज्यांनी स्वेच्छेने प्रव्रज्या घेतली त्यांनाच तो लागू होतो, त्यात शारीरिक दंड नाही, आणि त्यातील सर्वांत मोठी शिक्षा म्हणजे संघातून कायमचे बाहेर होणे. राज्याच्या दंडातून सुटण्याची ती पळवाटही नव्हती. राजपुरुष ज्याचा शोध घेत आहेत अशा चोरास किंवा बंदिगृह फोडून पळालेल्यास प्रव्रज्या देऊ नये, असा महावग्गात स्पष्ट नियम आहे. तरीही दोष कोणाला व केव्हा लावावा याचा जो विचार विनयात आढळतो, तो फौजदारी कायद्याच्या विचाराशी इतक्या ठिकाणी जुळतो की, एक समजावून घेताना दुसरा सहज उलगडतो.

१. कृत्य आणि मन

फौजदारी कायद्याचे पहिले तत्त्व असे की, सामान्यतः अपराधाला दोन अंगे असतात : निषिद्ध कृत्य आणि दोषयुक्त मन. कृत्य घडले पण मनात दोष नव्हता, तर बहुतेक वेळा अपराध होत नाही. मनात दोष होता पण कृत्य घडले नाही, तरीही अपराध होत नाही. भगवान बुद्धांनी चेतनेला कर्म म्हटले, हे आपणास परिचित आहे. मात्र विनयात केवळ मनात आलेल्या विचारासाठी आपत्ती, म्हणजे दोष, सांगितलेला नाही. धम्माच्या दृष्टीने अकुशल विचार हा त्याज्यच. परंतु संघाने ज्याची चौकशी करावी असा तो विषय नव्हे.

दुसऱ्या पाराजिकाच्या विवरणात यासंबंधी काही उदाहरणे एकापुढे एक दिली आहेत. रंगाऱ्याने वाळत घातलेले मूल्यवान वस्त्र पाहून एका भिक्खूच्या मनात चोरीचा विचार आला. निर्णय : केवळ विचारासाठी आपत्ती नाही. दुसऱ्याने त्याच विचाराने वस्त्राला हात लावला : दुक्कट, म्हणजे सौम्य दोष. तिसऱ्याने ते हलविले : थुल्लच्चय, म्हणजे त्याहून गंभीर दोष. चौथ्याने ते जागेवरून उचलले : पाराजिक.

आजच्या कायद्यात याच पायऱ्यांना इरादा, तयारी, प्रयत्न आणि पूर्ती अशी नावे आहेत. इरादा दंडनीय नाही. तयारी सामान्यतः दंडनीय नाही. दरोड्याच्या तयारीसारखे काही अपवाद आहेत. प्रयत्न दंडनीय आहे. चोरीच्या व्याख्येत तर हे साम्य विशेषच जाणवते. दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून लबाडीने नेण्यासाठी जागची हलविली की चोरी पूर्ण होते. ती घरी नेली पाहिजे असे नाही. विनयानेही वस्तू ‘स्थानावरून हलणे’ हीच सीमा मानली आहे.

दोषयुक्त मनाच्याही पायऱ्या आहेत. मनुष्यवधाच्या उदाहरणाने त्या स्पष्ट होतात. जीव घेण्याच्या इराद्याने केलेला वध हा सर्वसाधारणपणे खून ठरतो. मृत्यू येण्याचा संभव आहे हे जाणून केलेले, पण खुनाच्या व्याख्येत न बसणारे कृत्य सदोष मनुष्यवध ठरते. इरादा नाही आणि जाणीवही नाही, पण हयगयीने कोणाचा जीव गेला, तर तो निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याचा तिसरा, सौम्यतर अपराध होय. न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे त्यास सामान्यतः पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. आणि योग्य काळजी घेऊनही अपघात घडला, तर अपराधच नाही. चारही ठिकाणी प्रेत एकच असते. कायदा प्रेताकडे पाहून थांबत नाही. तो मारणाऱ्याच्या मनाकडे जातो.

तिसऱ्या पाराजिकाच्या विवरणातील एक दुःखद उदाहरण येथे आठवते. भिक्षेसाठी गेलेला एक भिक्खू एका घरी आसनावर बसला. आसनावर चिंधीखाली एक मूल निजलेले होते. ते त्याच्या भाराखाली मरण पावले. हेतू नव्हता, जाणीवही नव्हती, म्हणून पाराजिक नाही, असा निर्णय झाला. पण प्रकरण तेथेच मिटविले गेले नाही. न पाहता आसनावर बसू नये, बसल्यास दुक्कट, असा नियम त्यातून घालून देण्यात आला. निर्दोष अपघात आणि टाळता येण्याजोगी हयगय यांमधील भेद याहून स्पष्टपणे सांगणे कठीण आहे.

काही अपराधांत मात्र विधिमंडळ मनाचा प्रश्न जवळजवळ बाजूला ठेवते. नोव्हेंबर १९६२ मध्ये मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर झुरिकहून मनिलाकडे जाणाऱ्या विमानातील एका परदेशी प्रवाशाजवळ ३४ किलो सोने सापडले. अशा सोन्याची नोंद विमानाच्या मालयादीत असावी, अशी अधिसूचना काही दिवसांपूर्वीच राजपत्रात प्रसिद्ध झाली होती. ती आपणास ठाऊक नव्हती, असे प्रवाशाचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्यास सोडले. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो निर्णय फिरविला. परकीय चलनाच्या संरक्षणासाठी केलेल्या त्या कायद्यात ज्ञानाची अट वाचता येणार नाही, असे बहुमताचे मत पडले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत भिन्न होते. कायद्याचे अज्ञान हा बचाव नव्हे, हे तत्त्वही याच खटल्यात पुन्हा अधोरेखित झाले.

२. अपराधांचे प्रकार

अपराधांची वर्गवारी अनेक प्रकारे होते. ज्यावर आघात होतो त्यानुसार शरीराविरुद्धचे (दुखापत, जबर दुखापत, अपहरण, मनुष्यवध), मालमत्तेविरुद्धचे (चोरी, जबरी चोरी, दरोडा, फसवणूक, विश्वासघात), स्त्रिया व बालके यांच्याविरुद्धचे, राज्याविरुद्धचे, सार्वजनिक शांततेविरुद्धचे, दस्तऐवजांसंबंधीचे आणि लौकिकाविरुद्धचे असे वर्ग पडतात. मालमत्तेच्या अपराधांतील भेद सामान्य बोलण्यात पुसले जातात, म्हणून ते लक्षात ठेवावेत. संमतीवाचून लबाडीने वस्तू हलविणे ही चोरी. चोरीसाठी मारहाण केली वा तत्काळ मारण्याची भीती घातली तर जबरी चोरी. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली तर दरोडा. विश्वासाने सोपविलेली वस्तू लबाडीने बळकावणे हा विश्वासघात. खोटे सांगून समोरच्याकडूनच ती देवविणे ही फसवणूक.

संहितेबाहेर विशेष कायदेही आहेत : अमली पदार्थांसंबंधीचा १९८५ चा कायदा, अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणारा १९८९ चा कायदा, बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा इत्यादी. सामाजिक विषमतेमुळे जेथे सामान्य कायदा दुबळ्याच्या बाजूने पुरेसा उभा राहत नाही, तेथे अशा कायद्यांची आवश्यकता असते.

प्रक्रियेच्या दृष्टीने तीन जोड्या महत्त्वाच्या आहेत. दखलपात्र अपराधात पोलीस अधिपत्रावाचून अटक करू शकतात व दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून तपास करू शकतात. अदखलपात्र अपराधात तसे करता येत नाही. जामीनपात्र अपराधात जामीन हा आरोपीचा हक्क आहे. अजामीनपात्र अपराधात तो न्यायालयाच्या विवेकाधीन आहे. ‘अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळूच शकत नाही’ ही समजूत चुकीची असून तिच्यापायी अनेक कुटुंबे अर्ज करण्याआधीच हताश होतात. तिसरी जोडी म्हणजे आपसात मिटविता येणारे आणि न मिटविता येणारे अपराध. किरकोळ दुखापतीची फिर्याद उभय पक्षांना मिटविता येते. खून वा बलात्कार यांचा समझोता कोणत्याही पंचायतीला करता येत नाही, कारण तो अपराध केवळ त्या व्यक्तीविरुद्ध नसून समाजाविरुद्ध मानलेला आहे.

विनयातही आपत्तींचे सात गट आहेत : पाराजिक, संघादिसेस, थुल्लच्चय, पाचित्तिय, पाटिदेसनिय, दुक्कट आणि दुब्भासित. काही आपत्ती दुसऱ्या भिक्खूपुढे प्रकट करून शुद्ध होता येते, काहींसाठी संघाची औपचारिक कारवाई लागते, आणि पाराजिकाला उपाय नाही. दोषाच्या प्रमाणात परिणाम, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे.

हे प्रमाण ठरविताना विनयाने प्रत्यक्ष राज्याच्या कायद्याचा आधार घेतल्याचे एक उदाहरण आहे. राजगृहातील धनिय नावाच्या भिक्खूने कुटीसाठी राजाच्या कोठारातील लाकूड आणले. ते लाकूड नगराच्या डागडुजीसाठी राखून ठेवलेले होते. ‘राजाने दिले आहे’ असे त्याने रखवालदाराला सांगितले. पुढे वस्सकार महामात्राच्या लक्षात ही गोष्ट आली आणि रखवालदार बांधला गेला. धनियाने बिंबिसार राजापुढे बचाव मांडला, तो असा : राज्याभिषेकाच्या वेळी तृण, काष्ठ व जल श्रमण-ब्राह्मणांना दिल्याची घोषणा आपण केली होती. राजाने उत्तर दिले की, ती घोषणा अरण्यातील, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या वस्तूंविषयी होती. बचाव अमान्य झाला. केवळ श्रमण म्हणून राजाने त्यास दंड न करता सोडले. लोकांत मात्र निंदा झाली. तेव्हा बुद्धांनी संघातील एका भिक्खूला, जो पूर्वी न्यायव्यवहाराचा महामात्र होता, विचारले की, किती मूल्याच्या चोरीसाठी राजा चोरास वध, बंधन वा हद्दपारी हे दंड देतो. त्याने उत्तर दिले : एक पाद किंवा त्याहून अधिक. पाच मासक म्हणजे त्या वेळचा एक पाद. त्यावरून पाच मासक वा अधिक मूल्याची चोरी पाराजिक, एकाहून अधिक पण पाचांहून कमी असल्यास थुल्लच्चय, एक वा त्याहून कमी असल्यास दुक्कट, अशी श्रेणी ठरली. न्याय संहितेनेही पाच हजार रुपयांहून कमी मूल्याच्या चोरीत, प्रथमच दोषी ठरलेल्याने वस्तू वा तिचे मूल्य परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. मूल्य लहान म्हणून चोरी चोरी राहत नाही असे नव्हे. पण दंड त्या मानाने असावा, हे दोहोंना मान्य आहे.

धनिय स्वतः मात्र दोषी ठरला नाही. नियम घालून देण्यापूर्वी ज्याच्या हातून कृत्य घडले तो आदिकम्मिक, त्यास आपत्ती नाही, असे विनय प्रत्येक शिक्षापदाच्या अखेरीस सांगतो. कृत्याच्या वेळी जो कायदा अस्तित्वात नव्हता त्याखाली कोणालाही दोषी ठरविता येणार नाही, हे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २० चे पहिले वचन हेच तत्त्व सांगते.

३. बचाव

बचावाचे तीन प्रकार कल्पावेत. ‘मी हे केलेच नाही’ हा पहिला; त्या वेळी अन्यत्र होतो असे दाखविणे हे त्याचेच रूप. ‘मी केले, पण तो अपराध नव्हे’ हा दुसरा. न्याय संहितेच्या तिसऱ्या प्रकरणात कलम १४ ते ४४ मध्ये सांगितलेले सर्वसाधारण अपवाद येथे येतात. ‘मी केले, पण तो इतका मोठा अपराध नव्हे’ हा तिसरा.

विनयात प्रत्येक शिक्षापदानंतर ‘अनापत्ति’ या शब्दाने आरंभ होणारा भाग येतो. तो म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या बचावांची सूचीच होय. मनुष्यवधासंबंधी त्यात हेतुपूर्वक न करणारा, न जाणणारा, मारण्याचा उद्देश नसलेला आणि उन्मत्त यांचा निर्देश आहे. चोरीसंबंधी वस्तू स्वतःची आहे असे समजणारा, आप्तभावाने घेणारा, तात्पुरती घेणारा, टाकून दिलेली समजून घेणारा यांना दोष नाही. दंड संहितेतील तथ्याच्या गैरसमजाचा बचाव याच्याशी जुळतो. रेल्वे स्थानकावर आपली समजून दुसऱ्याची छत्री उचलणारा चोर नव्हे. परंतु कायदा एक अट घालतो : गैरसमज सद्भावनेचा असावा, आणि योग्य दक्षता व अवधान यांवाचून केलेली गोष्ट कायद्याच्या दृष्टीने सद्भावनेची नसतेच.

वयाचा बचाव : सात वर्षांखालील बालकाचे कोणतेही कृत्य अपराध होत नाही. सात ते बारा या वयात समज कितपत होती हे पाहिले जाते. अठरा वर्षांखालील बालकांचे प्रकरण २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली मंडळापुढे चालते. सोळा वर्षांवरील बालकाने अतिगंभीर अपराध केल्याचा आरोप असेल तर प्राथमिक मूल्यमापनानंतर त्यास प्रौढाप्रमाणे चालविता येते.

मनोविकृतीचा बचाव : कृत्याच्या वेळी मन इतके विकृत असावे की, आपण काय करीत आहोत, किंवा ते चुकीचे वा बेकायदेशीर आहे, हे जाणण्याची क्षमताच नसावी. डॉक्टरांनी रोगाचे नाव दिले एवढ्याने भागत नाही. २००२ साली पत्नीच्या खुनाचा आरोप असलेल्या महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायास सर्वोच्च न्यायालयाने याच बचावावर सोडले. त्याच्या दीर्घ मानसिक आजाराचा व उपचारांचा पुरावा निर्णायक ठरला. विनयात गग्ग नावाच्या भिक्खूने उन्मत्त अवस्थेत अनेक अनुचित कृत्ये केली. शुद्धीवर आल्यानंतरही इतर भिक्खू त्यास त्याबद्दल बोलत राहिले. मला काहीच आठवत नाही, असे तो सांगत राहिला. तेव्हा संघाने त्यास ‘अमूळ्हविनय’ द्यावा, म्हणजे त्या काळातील कृत्यांसाठी पुन्हा आरोप करू नये, असे ठरले. त्याबरोबरच, आठवत असून आठवत नाही म्हणणाऱ्यास व वेडाचे सोंग करणाऱ्यास तो देणे अधम्म होय, असेही सांगितले आहे.

नशेचा बचाव जवळजवळ नाहीच. दुसऱ्याने न कळत वा बळजबरीने पाजले असेल, आणि त्यामुळे समज हरपली असेल, तरच तो चालतो. स्वतः प्यायलेल्या मनुष्याला शुद्धीवरील मनुष्याइतकीच जाण होती, असे कायदा धरून चालतो. ‘दारूच्या भरात झाले’ हे वाक्य घरातील मारहाणीनंतर वारंवार ऐकू येते. न्यायालयात त्याला किंमत नाही, हे त्या घरातील स्त्रियांना ठाऊक असावे.

संमतीचा बचाव काही मर्यादेत चालतो. कुस्तीत झालेली इजा हा अपराध नव्हे. पण संमती स्वतंत्र मनाची असावी लागते. भीतीने वा फसवणुकीने मिळविलेली संमती ही संमती नव्हे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, या आधारावर १९७८ मध्ये दोन पोलिसांची दोषसिद्धी रद्द झाली. देशभर त्याविरुद्ध आवाज उठला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, हे आज संहितेतच नमूद आहे. अंधवनात उप्पलवण्णा भिक्खुणीवर झालेल्या अत्याचाराविषयी विनयाने एवढेच पाहिले की तिची संमती नव्हती, आणि तिला कोणताही दोष नाही असे सांगितले.

स्वसंरक्षणाचा अधिकार प्रत्येकाला स्वतःच्या व दुसऱ्याच्या शरीरासाठी आणि मालमत्तेसाठी आहे. त्याच्या दोन सीमा आहेत. शासकीय संरक्षण मागण्यास वेळ असेल तर तो अधिकार नाही. आणि बचावाला आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. मृत्यू घडविण्यापर्यंत तो अधिकार जातो, पण केवळ मृत्यू, जबर दुखापत, बलात्कार, अपहरण यांसारख्या गंभीर हल्ल्यांचे रास्त भय असेल तेव्हाच. धोका टळल्यानंतर केलेला प्रहार हा सूड होय, संरक्षण नव्हे.

तिसऱ्या प्रकारचा, म्हणजे अपराध सौम्य ठरविणारा प्रसिद्ध बचाव ‘गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ’ हा आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. झटापटीत अपघाताने गोळ्या सुटल्या, निदान प्रक्षोभाच्या भरात कृत्य घडले, असा बचाव होता. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांनी ते अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. उच्च न्यायालयाने दिलेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी कायम केली. पत्नीची कबुली ऐकल्यानंतर त्यांनी तिला व मुलांना चित्रपटगृहात सोडले, जहाजावर जाऊन खोट्या सबबीवर पिस्तूल घेतले, मग आहुजांचे घर गाठले. यात सुमारे तीन तास गेले. मन शांत होण्यास एवढा अवधी मिळाल्यावर प्रक्षोभ ‘आकस्मिक’ राहत नाही, असे न्यायालयाने म्हटले. येथे विनय कायद्याहून कठोर आहे. क्रोध तेथे दोष सौम्य करीत नाही. क्रुद्ध होऊन दुसऱ्या भिक्खूवर प्रहार करणे हेच पाचित्तिय आहे. कायदा मनुष्याच्या दुर्बलतेला थोडी जागा ठेवतो, विनय त्या दुर्बलतेवरच उपचार करू पाहतो.

४. सिद्धता आणि समक्षता

आरोप सिद्ध करण्याचा भार फिर्यादी पक्षावर असतो आणि तो वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असला तरी तो हलका असतो. आपले म्हणणे अधिक संभवनीय आहे, एवढे दाखविले की पुरे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. कोणासही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. अटकेनंतर, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते आणि पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क असतो. १९८७ च्या कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके आणि कोठडीतील व्यक्ती यांना विनामूल्य विधी साहाय्य मिळू शकते.

‘आरोपीची बाजू घेणारा वकील अपराधाची बाजू घेतो’ हा समज येथे दूर व्हावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फौजदारी खटल्यांत आरोपींचा बचाव केला आहे. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाच्या खटल्यात र. धों. कर्वे यांच्यासाठी ते उभे राहिले होते. बचाव मांडला गेला नाही, तर न्यायाधीशापुढे अर्धेच चित्र येते.

चुल्लवग्गात संघाने अनुपस्थित भिक्खूंविरुद्ध कारवाई करू नये असा नियम आहे. काही भिक्खूंनी इतरांच्या पाठीमागे त्यांच्यावर दंडकर्मे केली, तेव्हा तो घालून देण्यात आला. त्यास ‘सम्मुखाविनय’ म्हणतात. दब्ब मल्लपुत्त या थेरांवर मेत्तिया भिक्खुणीने काही भिक्खूंच्या सांगण्यावरून व्यभिचाराचा खोटा आरोप केला, तेव्हा बुद्धांनी आरोप ऐकून निर्णय दिला नाही. संघ एकत्र बोलावून दब्बालाच विचारले. शेवटी त्यांना ‘सतिविनय’ देण्यात आला, म्हणजे ते जागृत स्मृतीचे व निर्दोष असल्याचे संघाने जाहीर केले. आरोप केवळ मोठ्याने केला म्हणून खरा होत नाही, आणि आरोपी केवळ थोर आहे म्हणून खोटाही होत नाही. दोन्ही बाबतीत विचारावे लागते.

५. जमावाचा न्याय

आता या सर्व तत्त्वांचा अभाव कोठे नेतो, ते पाहू. १६ एप्रिल २०२० च्या रात्री आपल्याच पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे, टाळेबंदीच्या काळात, दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशा तिघांना जमावाने ठार केले. त्या भागात चोर व मुले पळविणारे फिरत असल्याच्या अफवा पसरल्या होत्या. त्या खटल्यातील कोणा आरोपीविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. ते न्यायालयाचे काम आहे. परंतु अशा प्रसंगी जे बचाव लोकांच्या तोंडी असतात, ते आपण वर पाहिलेल्या तत्त्वांवर तपासून घेणे आपले काम आहे.

‘आम्हांला ते चोर वाटले’ : हा तथ्याचा गैरसमज खरा, पण दक्षता व अवधान यांवाचून अफवेवर ठेवलेला विश्वास सद्भावनेचा होत नाही. शिवाय ते खरोखर चोर असते तरी पकडलेल्या चोराला ठार मारण्याचा अधिकार कोणालाच नाही. ‘गावाचे रक्षण केले’ : जो वेढला गेला आहे त्याच्यापासून रक्षणाचा प्रश्न उरत नाही. ‘मी फक्त उभा होतो, हात लावला नाही’ : पाच किंवा अधिक जणांचा बेकायदेशीर जमाव समान उद्दिष्टासाठी अपराध करतो, तेव्हा ते उद्दिष्ट बाळगून त्यात सामील असलेला प्रत्येक जण त्यास उत्तरदायी असतो. केवळ वाटेने जाणारा बघ्या त्यात येत नाही, हे खरे. पण त्या रात्री आपण बघे होतो की सामील, हे पुढे न्यायालयात पुराव्यानिशी ठरते. न्याय संहितेच्या कलम १०३ ने वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा यांसारख्या कारणावरून पाच वा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनासाठी मृत्युदंड वा जन्मठेपेची स्वतंत्र तरतूदही केली आहे.

कायद्याने जे प्रश्न क्रमाने विचारावयाचे, ते जमाव विचारतच नाही. कृत्य घडले काय? मनात काय होते? काही बचाव आहे काय? आरोपीचे म्हणणे कोणी ऐकले काय? जमावात फिर्यादी, साक्षीदार, न्यायाधीश आणि दंड देणारा हे एकच असतात, आणि सर्व काही काही क्षणांत संपते.

न्यायाला अवधी लागतो, ही गोष्ट या भूमीला नवी नाही. आपल्या वसई तालुक्यातील सोपारा, म्हणजे पालि ग्रंथांतील सुप्पारक, येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली आणि जवळच भुईगाव येथे नवव्याचा १९५६ साली सापडला. ज्या राजाचे शब्द आपल्या किनाऱ्यावर कोरले गेले, त्यानेच आपल्या चौथ्या स्तंभलेखात राजुक अधिकाऱ्यांना दोन गोष्टी सांगितल्या आहेत : न्यायव्यवहारात समता असावी आणि दंडात समता असावी. त्याच लेखात मृत्युदंड झालेल्या बंदिवानांना तीन दिवसांची मुदत त्याने दिली आहे, ज्यायोगे त्यांच्या आप्तांना त्यांच्या जीवितासाठी विनवणी करता यावी. अशोकाने मृत्युदंड रद्द केला नाही. परंतु निर्णय आणि त्याची अंमलबजावणी यांमध्ये त्याने अंतर निर्माण केले. त्या अंतरात फेरविचार, पुरावा, दया आणि चूक दुरुस्त करण्याची शक्यता, एवढे सर्व मावते. उद्या आपल्या वस्तीत कोणावर आरोप झाला, तर निदान तेवढे अंतर आपण राखावे : पोलिसांना कळवावे, संशयिताच्या अंगाला हात लावू देऊ नये, आणि त्याचे म्हणणे ऐकले जाईपर्यंत त्यास अपराधी म्हणू नये.